खांबेट्यांच्या कमरेचा बत्ता

वस्तू विकत घेणे ही एक क्षुल्लक घटना आहे. ती कुणालाही जमते. वस्तू विकत घेण्यापूर्वी तिचे जे मूल्यमापन होते, ती मात्र संस्कृती होय, आणि ती फार थोड्यांच्या रक्तात असते.

निशिकांत खांबेटे यांच्या रक्तात ती काठोकाठ होती. मूळ पुणे, सध्या सिंगापुरात पाया लेबारजवळचा तीन खोल्यांचा फ्लॅट, नोकरी चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत, आणि कामही असे की देवाने माणूस पाहूनच द्यावे: बँकेला काही घ्यायचे असले की कोणाकडून घ्यावे, याचे मूल्यमापन करणे. (बँकेने पुढे ते घेतले की नाही, हे पाहणारे खाते वेगळे.) त्यांनी एकदा राइस कुकरचा अभ्यास केला होता. तो इतका सखोल झाला की त्यांनी सुचवलेला कुकर आज मराठी मंडळातल्या सतरा घरांत शिजतो आहे. खांबेट्यांच्या घरात अद्याप पातेलेच आहे, कारण तिथे अभ्यासाचा दुसरा टप्पा सुरू आहे.

तर दोन हजार चौदा साली, गणपतीच्या आधी महिनाभर, त्यांच्या साहेबीण लिम मॅडम यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितले की बँकेच्या डॅलसच्या ऑफिसात एक वरची जागा निघाली आहे. ती तुम्हाला द्यावी असे आम्हाला वाटते. गणपतीनंतरच्या शुक्रवारी चार वाजेपर्यंत हो की नाही ते कळवा.

घरी आल्यावर ही बातमी ऐकून चित्राताईंनी गॅस बंद केला आणि त्या तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांची धाकटी बहीण स्मिता डॅलसला होती. लग्नं झाल्यापासून दोघी बहिणी एका गावात कधी राहिल्याच नव्हत्या. एकीच्या बाळंतपणाला दुसरी स्काइपवर हजर असायची. चित्राताईंना इतका आनंद झाला की त्यांनी मनातल्या मनात स्मिताच्या शेजारी घरही मांडले.

"डॅलस म्हणजे टेक्सास," निशिकांतराव गंभीरपणे म्हणाले. "तिथे लोक बंदुका बाळगतात."

"स्मिता नाही बाळगत."

"म्हणजे ती असुरक्षित आहे," निशिकांतराव म्हणाले आणि लॅपटॉप उघडून बसले.

वास्तविक निशिकांतरावांना भीती वाटत होती. नवा देश, नवा साहेब, उजव्या बाजूने गाडी चालवणे, पंचेचाळिशीत पुन्हा पहिलीपासून सुरुवात. पण भीती वाटते असे म्हणणे हे सुशिक्षित माणसाला शोभत नाही. त्याने तक्ता करावा.

तक्त्याचा विषय ठरला: 'अंगावर लपवून बाळगण्यास योग्य अशा छोट्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची निवड'. उमेदवार अकरा, निकष चोवीस. त्यात वजन, लांबी, जाडी, गोळ्यांची संख्या, चाप किती जड, झटका किती, कपड्यात अडकण्याचा संभव आणि 'विक्रीपश्चात सेवा' हे सर्व आले. टेक्सासमधला एक दाढीवाला गृहस्थ पिस्तुलांच्या परीक्षणाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो, ते निशिकांतरावांनी जेवताना, इस्त्री करताना आणि एकदा सत्यनारायणाच्या पूजेत (आवाज बंद ठेवून) पाहिले. दहा दिवसांत अकराचे तीन झाले आणि तिनाचे एक. ते पिस्तूल त्यांनी कधी पाहिले नव्हते, हाती धरले नव्हते, आणि त्याचे सहाशे चाळीस ग्रॅम त्यांना स्वतःच्या रक्तदाबापेक्षा जास्त चांगले पाठ होते.

आता प्रात्यक्षिक. इथे एक अडचण आली. सिंगापुरात पिस्तुलाच्या गुन्ह्याची शिक्षा तुरुंग आणि छडी इथून सुरू होते, आणि जिथे संपते तिथे अपील करायला माणूस उरत नाही. निशिकांतरावांना कायद्याबद्दल अत्यंत आदर होता. ते एस्केलेटरवरसुद्धा डाव्या बाजूलाच उभे राहत. त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि घरातल्या वस्तू एकामागून एक तोलल्या. रिमोट हलका भरला. बाकरवडीचे पाकीट वजनाला जवळपास बसले, पण रोज कमी होत गेले. अखेर तुळशीबागेतून आणलेल्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता सहाशे पंचावन्न ग्रॅम भरला. पंधरा ग्रॅमचा फरक तळटीपेत दाखवून बत्त्याची नेमणूक करण्यात आली.

त्या दिवसापासून घरातला चहा बिनआल्याचा झाला.

निशिकांतराव बत्ता पँटीत खोचून हिंडू लागले. अहवालातले निष्कर्ष इतके मोलाचे आहेत की ते थोडक्यात देणे म्हणजे अन्यायच, पण नाइलाज आहे. बत्ता पोटावर खोचला असता चाळिशीपुढच्या बँकेतल्या माणसाच्या बाबतीत तो अजिबात दिसत नाही. (पट्टाही दिसत नाही. नीट पाहिले तर गुडघेही दिसत नाहीत.) पाठीवर खोचला तर हॉकर सेंटरमध्ये जेवताना उत्तम, कारण तिथल्या स्टुलांना पाठ नसते, एमआरटीच्या गाडीत मात्र टेकता येत नाही आणि माणूस विनाकारण स्वाभिमानी दिसतो. घोट्याला बांधणे ही टेक्सासमध्ये मान्यताप्राप्त पद्धत असली तरी मराठी माणसास निरुपयोगी. आपण कुणाच्याही दारात गेलो की आधी खाली वाकून चपला-बूट काढतो, आणि यजमान तेवढा वेळ आपल्या पायांकडेच पाहत उभा असतो.

शस्त्र वेळेवर बाहेर काढण्याची चाचणी बैठकीच्या खोलीत झाली. दरोडेखोराची भूमिका कन्या गार्गीने केली. तिच्या हातात फूटपट्टी होती. दाढीवाल्या गृहस्थास या कामी दोन सेकंद लागतात. निशिकांतरावांना अकरा लागले, त्यातले सहा बनियन सोडवण्यात गेले.

"बाबा, यू डेड ऑलरेडी ला," गार्गी म्हणाली.

तीन वेळा चाचणी घेण्यात आली. तिन्ही वेळा निशिकांतराव मृत झाले. अहवालात शेरा आहे: 'समाधानकारक, सुधारणेस वाव.'

तज्ज्ञांचे मतही घ्यावे म्हणून त्यांनी मंडळातल्या शामकांतकाकांना गाठले. काका तेलवाहू जहाजावर चीफ इंजिनियर. चाच्यांच्या भीतीने त्यांच्या जहाजावर बंदूकधारी पहारेकरी ठेवत, त्यामुळे शस्त्रास्त्रांशी मंडळाचा जो काही संबंध होता तो काकांमार्फतच होता.

"ते पहारेकरी होय? सगळा प्रवास माझ्याशी रमी खेळले आणि हरले," काका म्हणाले. "हे बघ निशिकांत, चोर आला की पाकीट द्यायचं आणि घरी यायचं."

हे मत तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसेना. सबब ते विचारात घेता आले नाही.

मग गणपती आले. मंडळाचा उत्सव भाड्याच्या हॉलमध्ये होता आणि निशिकांतरावांच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा टप्पा होता: 'समारंभप्रसंगीचे वर्तन'. रेशमी झब्बा हे आच्छादन म्हणून निर्दोष ठरले. अडुसष्ट माणसे भेटली, त्यातल्या चौघांनी मिठी मारली, कुणाला संशय आला नाही. फक्त एका गोष्टीचा विचार दाढीवाल्या गृहस्थाने कुठल्याच व्हिडिओत केलेला नव्हता, ती म्हणजे लेंग्याची नाडी.

आरती संपली. सगळ्यांनी डोळे मिटून जागच्या जागी स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली. निशिकांतरावांनीही घातली. त्या गिरकीत नाडीने राजीनामा दिला, बत्ता लेंग्याच्या उजव्या पायातून खाली उतरला, फरशीवर ठण्णकन आपटला आणि गडगडत मोदकांच्या ताटाला जाऊन टेकला.

एका प्रतिष्ठित बँक अधिकाऱ्याच्या लेंग्यातून आरतीच्या वेळी बत्ता का पडावा, हा प्रश्न जगातल्या कुठल्याही सभेत पहिला आला असता. इथे कुणीच तो विचारला नाही.

"बिडाचा आहे की लोखंडी?" एकांनी विचारले.

"टेक्क्याच्या बाजारात मिळतो, पण असा नाही मिळत," दुसरे म्हणाले.

शामकांतकाकांनी तो उचलून हातात तोलला आणि "साडेसहाशे," असे जाहीर केले. ग्रॅनाइटच्या खलात लोखंडी बत्ता चालतो का, यावर दोन गट पडले. तेवढ्यात प्रसादाची व्यवस्था पाहणाऱ्या संजीवनीकाकू गहिवरून म्हणाल्या, "वेलदोडे कुटायचे राहिलेत हे फक्त निशिकांतरावांच्याच लक्षात आलं हो! माणूस घरून बत्ता घेऊन आला!" टाळ्या पडल्या. निशिकांतराव एका हाताने लेंगा धरून दुसऱ्या हाताने नमस्कार करत राहिले.

चित्राताईंचे कान लाल झाले होते. परतताना बसच्या स्टॉपवर त्या म्हणाल्या, "अहो, मला स्मिताजवळ जायचंय. मला दुसरं काही नको. तुम्ही फक्त हो म्हणा."

"त्याचीच तर तयारी चाललीय," निशिकांतराव म्हणाले. आणि गंमत म्हणजे, त्यांना ते खरेच वाटत होते.

शुक्रवारी ते बत्त्यासह ऑफिसला गेले, कारण 'कार्यालयीन दिनक्रम' ही चाचणी बाकी होती. स्टेशनात सुरक्षातपासणीचे टेबल मांडलेले होते. तिथल्या मुलीने बत्ता हातात घेऊन विचारले, "अंकल, धिस वन फॉर व्हॉट?" "जिंजर," असे म्हणून निशिकांतराव सुटले. खरे तर इतके समर्पक उत्तर महिनाभरात त्यांनी कुणालाच दिले नव्हते.

चार वाजता लिम मॅडमनी विचारले, "सो? येस ऑर नो?"

निशिकांतरावांच्या तोंडात हो आला होता. चित्राताईंचा चेहराही डोळ्यांसमोर आला. पण बत्ता पोटाऐवजी पाठीवर असावा की काय, हा मुद्दा अजून सुटला नव्हता, आणि अर्धवट अभ्यासावर निर्णय घेणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. तत्त्वतः हो आहे, ते म्हणाले, परंतु व्यक्तिगत सुरक्षेचे काही मुद्दे खुले आहेत. आणखी दोन आठवडे मिळाले तर बरे.

"शुअर," लिम मॅडम गोड हसून म्हणाल्या. "टेक युअर टाइम."

सिंगापुरात एवढ्या गोडव्याने नकार मिळतो की तो घरी नेऊन फोडल्याशिवाय कळत नाही. सोमवारी ती जागा धवलला दिली. धवल निशिकांतरावांच्याच हाताखालचा, अठ्ठावीस वर्षांचा, फोन विकत घेतानासुद्धा रिव्ह्यू न वाचणारा मुलगा. हातातली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, संपायच्या आत तो "ओके" म्हणून मोकळा झाला.

चित्राताईंनी स्मिताला फोन लावला आणि सगळे सांगितले. तक्ता, बत्ता, नाडी, सगळे.

"अगं ताई," स्मिता म्हणाली, "पण वर्क व्हिसावरच्या माणसाला इथे पिस्तूल घेताच येत नाही. शिकारीचं लायसन्स वगैरे असलं तर गोष्ट वेगळी."

चित्राताईंनी फोन ठेवला आणि त्या हसू लागल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग हसू थांबले आणि पाणी तेवढे राहिले. निशिकांतरावांना फार वाईट वाटले. चोवीस निकषांत पंचविसावा निकष, आपल्याला हे घेता येते का, हा राहून गेला होता. ते उठले, कमरेचा बत्ता काढून ओट्यावर ठेवला, महिन्याभराने पहिल्यांदा आले कुटले आणि बायकोसाठी चहा केला.

चहा फार छान झाला होता. दोघे शेजारी बसून प्यायले. चित्राताईंनी डोळे पुसले. झाले गेले गंगेला मिळाले, असे त्या म्हणणारच होत्या.

"शिकारीचं म्हणजे," निशिकांतरावांनी हलकेच विचारले, "नेमकं कुठल्या प्राण्याच्या, ते काही म्हणाली का ती?"

त्यांना हसायचा आपल्याला काही अधिकार नाही. परदेशी माणसाला पिस्तूल मिळते का, हा प्रश्न तुम्हाला तरी पहिल्या पानावर कुठे सुचला होता? तुम्हीही इतका वेळ पोटावर बरे की पाठीवर बरे, याच विचारात होतात, आणि खरे सांगायचे तर तुमचे मत पाठीकडे झुकले आहे. असो. मघाशी आतल्या खोलीतून तुम्हाला कुणीतरी काहीतरी विचारले होते आणि तुम्ही "एवढे वाचून सांगतो" म्हणाला होतात. हाकेला बराच वेळ झाला. आता आतून आवाज येत नाही.