टॉर्चमामांचा पहिला नियम

सकाळी चहाचा कप हातात असतानाच त्याला मोबाइलवर बातमी दिसली. टॉर्चमामा गेले. लहानपणी दर रविवारी टीव्हीवर टॉर्च घेऊन चोर पकडणारे टॉर्चमामा. ती भूमिका करणारा म्हातारा नट पहाटे झोपेतच गेला होता. कुलपं दुरुस्त करणाऱ्या या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने कप तसाच खाली ठेवला.

रडायची मात्र सोय नव्हती. गेल्याच आठवड्यात मालिकेतली नायिका मेली म्हणून मुलगी रडली, तेव्हा त्याने तिला अर्धा तास सुनावलं होतं. "पडद्यावरच्या माणसांसाठी कुणी रडतं का?"

"डोळे का लाल झालेत?" बायकोने विचारलं.

"डोळे का लाल झालेत? कचरा गेला असेल."

"दोन्ही डोळ्यांत?"

तो चप्पल घालून दुकानाकडे निघाला. बायको दारातच उभी राहिली. प्रश्न परत म्हणणारा माणूस आत उत्तर जुळवत असतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मुलीलाही तिने हे शिकवलं होतं.

दुपारी तो नेहमीपेक्षा लवकर घरी आला आणि गॅलरीत जाऊन शाळेतल्या मित्राशी फोनवर हळू आवाजात बोलू लागला. "फार जीव होता रे माझा. अगदी शाळेपासून. घरी मात्र बोलू नकोस कुठे." आत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोचा हात एका मोज्यावरच थांबला.

संध्याकाळी तर कहर झाला. त्याने कपाटातल्या आपल्या खणाला कुलूप बसवलं. दिवसभर कुलपंच बघतो, घरी तरी नकोत, असं म्हणत सोळा वर्षं त्याने घरात एकही खण बंद ठेवला नव्हता.

तो अंघोळीला गेल्यावर तिने केसांतली पिन काढली. पिनेचं टोक वाकवून तिने ती कुलपात घातली. खणात एखादं पत्र निघालं, फोटो निघाला, तर सोळा वर्षांचा संसार तिथेच संपणार होता. कुलूप उघडलं. आत पत्र्याचा एक गंजलेला टॉर्च होता. सेलसुद्धा नव्हते.

"माझं कुलूप?" मागून आवाज आला. तो टॉवेल घेऊन दारात उभा होता आणि बायकोकडे न बघता कुलपाकडे बघत होता.

"ती कोण आहे, ते सांगा आधी."

"पिनेने उघडलंस? दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप आहे ते. मी लोकांना खात्री देऊन विकतो."

"टोक वाकवून उलटं फिरवायचं. टॉर्चमामांनी दाखवलं होतं, तिजोरीच्या भागात. विषय बदलू नका."

तो मटकन पलंगावर बसला. "टॉर्चमामा गेले गं."

तिने टॉर्चकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांकडे.

"म्हणजे फोनवर…"

"त्यांच्याबद्दलच."

तिला आधी हायसं वाटलं. मग, आपल्याला हायसं वाटलं याचीच लाज वाटली, आणि ती त्याच्या शेजारी बसून त्याच्याहून जास्त रडली.

एवढ्यात मुलगी क्लासवरून आली. दोघांनी घाईघाईने डोळे पुसले. टॉर्च उशीखाली गेला.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"काय झालं?" दोघं एकदम म्हणाले. टॉर्चमामांचा पहिला नियम आईनेच तिला शिकवला होता, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

मुलीने दप्तर खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर शांतपणे बसली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उशीखाली काय आहे, तिथपासून सुरू करा."