साताऱ्यात न उघडणारी फ्लॉपी

या प्रकरणात नानासोंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. मिरजेच्या तंतुवाद्य कारागीर संस्थेच्या जिन्याखालची मोकळी जागा, तिथं एक टेबल आणि मागच्या भिंतीवर पाटी: 'नानासो पाटोळे, गुप्त तपास (घरगुती व सहकारी)'. गुन्हेगार सापडला की हे सगळं देऊ, असं अध्यक्ष जालिंदरआप्पा बोलून बसले होते. नानासोंचा मेव्हणा अर्जुना याच्या वाट्याला नेहमीप्रमाणे लुना चालवणं आलं होतं.

"बावीस वर्षं जकात नाक्यावर काढलीत मी," संस्थेच्या पायरीवर नानासोंनी छाती फुगवली. "ट्रकच्या नुसत्या आवाजावरनं आत गूळ हाय का गुळाखाली दुसरं काय हाय, ते सांगायचो. हे डोळं न्हाईत अर्जुना, एक्स-रे हाय, एक्स-रे!"

"मग एका पायात माझी चप्पल कशी काय आली, दाजी?"

नानासोंनी खाली पाहिलं. "वेषांतर," ते म्हणाले आणि आत शिरले.

प्रकरण साधं दिसत होतं, म्हणूनच नानासोंना ते भयंकर वाटलं. राहीबाई संस्थेच्या संगणकावर वाद्यांची यादी टाइप करायची, फ्लॉपीवर घालायची, आणि एसटीच्या कंडक्टरबरोबर ती फ्लॉपी साताऱ्याच्या विक्री केंद्रात जायची. रविवारी तिथं प्रदर्शन होतं. पण दसरा झाल्यापासून आठवड्यात दोनदा फ्लॉपी गेली आणि दोन्ही वेळा साताऱ्याच्या पडद्यावर तंबोऱ्यांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटली.

चार वर्षं हंगामीत काढलेल्या राहीबाईला आप्पांनी त्याच दिवशी, शनिवारी सकाळी सुनावलं होतं, "आजची फ्लॉपी उघडली तर सोमवारी तू कायम. न्हाई उघडली तर आमी दुसरी बाई बघतो."

"सॉफ्टवेअर कुणाचं?" नानासोंनी वही उघडली.

"पुण्याच्या प्राध्यापकांनी मिळून केलंय," राहीबाई म्हणाली. "फुकट हाय. आतली सगळी रचना उघडी असती."

"उघडी? दार उघडं टाकल्यावर चोर न्हाई येणार तर काय जावई येणार?"

"आवं, कुणीबी बघावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी म्हणून उघडी. मिरजेत अन् साताऱ्यात एकच आवृत्ती हाय. तीन वर्षं तीच ठेवायची. ते नुसती डागडुजी धाडत्यात. नवं काय घालू नका, असं पत्रच हाय त्यांचं."

पत्र संगणकाच्या कपाळावरच चिकटवलेलं होतं. नानासोंनी ते वाचलं नाही, हुंगलं. "डिंक," त्यांनी वहीत लिहिलं. मग एकदम वळून, "दसऱ्याला कुठं होतीस तू?"

"नागपूरला. दीक्षाभूमीला. दरसाल जातो आमी."

"साक्षीदार?"

"दोन-चार लाख असतील. एकेकाला बोलवू का?"

अर्जुनाला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात घालवलं.

पुढचा संशयित कंडक्टर. त्याच्या तिकिटाच्या पंचात लोहचुंबक आहे, त्यानंच अक्षरं ओढून घेतली, असं म्हणून नानासोंनी स्टँडवर पंच जप्त केला आणि त्याला टाचणी लावली. टाचणी खाली पडली. एसटीतल्या पन्नास माणसांनी खिडकीतून माना काढून नानासोंचं, आणि गाडी खोळंबली म्हणून कंडक्टरचंही, कुळ उद्धरलं.

मग दोन हजार साल लागताच संगणक बंद पाडणारा तो किडा. "अवो दाजी, ऑक्टोबर चाललाय," अर्जुना म्हणाला, "तो एक जानेवारीला येणार, सगळ्या पेपरात छापलंय."

"मिरज जंक्शन हाय गड्या. इथं सगळंच उशिरा येतं असं कुणी सांगितलं? एखादं लवकरबी येतं."

शेवटी तंबोऱ्यांवर आळ आला. दिवसभर तारा झंकारतात, त्या हादऱ्यानं अक्षरं सुटी होतात. नानासोंनी कारखान्यात सुतकासारखी शांतता पाळायला लावली. अठ्ठावीस कारागीर मांडीवर तंबोऱ्यांचे भोपळे घेऊन गप्प बसले. दुपारची एसटी सुटायला अर्धा तास उरला. राहीबाई फ्लॉपी मुठीत धरून उभी होती. तिचा चेहरा बघून अर्जुनाचं हसू पार विरलं.

एवढ्यात झाडलोट करणाऱ्या शालूबाई चहा घेऊन आल्या. "दसऱ्याला पुजली ती हीच का गं? न्हाई, ती गोल हुती."

"कसली गोल?" राहीबाईनं विचारलं.

"तबकडी, सीडी का काय म्हणता ती. तू नागपूरला गेलीस न्हवं का, तवा. खंडेनवमीला पटाशी, करवत, रंधा अन् तुझा संगणक एका रांगेत मांडून पुजला. दसऱ्याला आप्पा म्हणलं, आजच्या दिवशी काय तरी नवं घातलं पाहिजे. पुण्यासनं नवी तबकडी आलीवती. मी हळदकुंकू लावलं, आप्पांनी घातली."

सगळे आप्पांकडे वळले. आप्पा चहाच्या कपात बघत होते. साताऱ्यात अवजारं नव्हती, म्हणून पूजा नव्हती, म्हणून तिथलं सॉफ्टवेअर जुनंच होतं. नव्यात लिहिलेलं जुन्याला वाचता येत नव्हतं. एवढंच.

"तरीच पडदा निळा दिसला!" राहीबाई म्हणाली. "मला वाटलं, आप्पांनी दिवाळीचा रंग दिला."

"साडेतीन मुहूर्तांतला एक तो," आप्पा पुटपुटले. "चुकंल कसा?"

राहीबाईनं तबकडी बाहेर काढून पदरानं पुसली. "मुहूर्त बरोबर हुता आप्पा. तबकडी चाचणीची हुती. तिच्यावरच लिहिलंय, कुंकवाखाली."

राहीबाईनं यादी जुन्या पद्धतीनं साठवली. अर्जुनानं लुना अशी पिटाळली की सुटलेली एसटी त्यानं पुढच्या थांब्यावर गाठली. दिवेलागणीला साताऱ्याहून फोन आला: उघडली, एकेचाळीसच्या एकेचाळीस वाद्यं, नावानिशी.

"माझा संशय पहिल्यापासनं..." नानासोंनी बोट उचललं, टेबल कोण देणार ते आठवलं, आणि बोट कानात घातलं. उपयोग झाला नाही. "तू कुठं शोधलंस?" आप्पा म्हणाले, आणि जिन्याखालची जागा शालूबाईंच्या चहाला गेली.

सोमवारी आप्पांनी कायमच्या पत्रावर सही केली. राहीबाईनं पत्र घेतलं, पण हात पसरलेलाच ठेवला. आप्पांना कळलं.

तर हिशेब असा. नानासोंनी काही भरलं नाही, त्यांच्याकडे होतं काय? कंडक्टरनं पन्नास जणांच्या शिव्यांतला आपला वाटा भरला. अठ्ठावीस कारागिरांनी अर्धा दिवस गप्प बसून भरलं. आणि आप्पांनी भरली ती संगणकाच्या खोलीची किल्ली, जी राहीबाईनं त्यांच्या देखत पदराला बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.