बरणीतलं निळं पाणी

सासूच्या स्वयंपाकघरात सुनेनं हातमोजे चढवून वावरावं, हा शुद्ध उद्धटपणा होता. घरादारात जिला मेक, म्हणजे आई, म्हणत त्या सपिनाहनं जन्मभर उघड्या हातांनी गोकर्णाची फुलं चुरडून निळा भात रांधला होता.

"हात झडतात का गं तुझे?"

"मुळं खराब होतात, मेक," रुहाना म्हणाली.

मुळं! रोज जेवणं झाली की ही बया मिरच्यांच्या वाफ्यात बसायची, चमच्यानं माती उकरायची आणि काहीतरी कातरून पिशवीत टाकायची. मिरच्या काय साध्यासुध्या होत्या? खोबरं-मासळी भरून उकडलेल्या त्या मिरचीशिवाय गिऱ्हाईक मेकच्या भाताला शिवत नसे. विचारलं की उत्तर तयार: ती काम करते त्या कृषी केंद्रातली मुळं उकळायची शेगडी बिघडलीय, लावणीच्या वेळी मातीत घातलेली बुरशी मुळांत किती शिरली ते घरीच मोजायचंय. पावावर आली तर लोक फेकून देतात ती बुरशी ही हौसेनं घालते, आणि वर मोजते! हे कुणाला खरं वाटावं?

त्या दिवशी रुहानानं पातेल्यात काहीतरी पांढरंफटक उकळलं, बरणीत भरलं, वर निळं पाणी ओतलं आणि नमाजाला गेली. मेकनं लगेच बरणी उजेडात धरली. आत बारीक, लांब धागे तरंगत होते.

केस!

मग सगळा उलगडा झाला. लग्नाआधी पाण्याचा पेला न उचलणारा तिचा पोरगा झुबीर आता भांडी घासत होता. त्याला भारलं होतं. मेकनं कुंपणापाशी जाऊन शेजारच्या जोहोराहला गाठलं.

"निळ्या पाण्यात केस? अगं बाई! माझ्या मावसबहिणीचा पोरगा असाच गेला."

"मेला?"

"नाही गं. सासरी राहायला गेला."

हे ऐकल्यावर मेकला दम निघेना. तिनं बरणीतलं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं, केसांना बोट न लावता वर आपलं गोकर्णाचं पाणी भरलं आणि झाकण लावलं. निळं ते निळंच. सुनेला पत्ताही लागला नाही.

तिसऱ्या प्रहरी रुहाना केंद्रातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. बराच वेळ गेला, मग तिनं डोळे पुसले.

"एकाही मुळात बुरशी नाही. एवढी मेहनत करून शिरलीच नाही. केंद्रातले साहेब म्हणालेत, वरच्या मुळांत सापडली नाही तर रोपं उपटून खालची तपासा. उद्या सगळा वाफा उपटावा लागणार."

मेकच्या हातातला डाव खाली पडला. "माझा वाफा?"

"मेक, मिरच्या काय, पुन्हा लावू," झुबीर म्हणाला.

बघा! भारलेलं पोर दुसरं काय बोलणार?

"एवढ्यात कशाला रडतेस?" मेक घाईघाईनं म्हणाली. "पुन्हा एकदा धुऊन बघ की! नीट धू!"

रंग नीट चढावा म्हणून रुहानानं बरणीत आणखी व्हिनेगरचे थेंब टाकले. निळं पाणी हळूहळू जांभळं झालं. आंबट पडलं की कुठलं निळं जांभळं होतं, हे त्या घरात कुणाला सांगायला नको होतं.

"मुळांवर मी शाई घातली होती, मेक," रुहाना हळूच म्हणाली. "शाई आणि व्हिनेगर. त्यानं बुरशीला रंग चढतो. शाई काही जांभळी होत नाही."

"मेक, तू गोकर्ण ओतलंस?" झुबीरनं विचारलं.

"माझ्या स्वयंपाकघरात निळं पाणी एकच असतं," मेक ताठ मानेनं म्हणाली. "दुसरं आणायचं तर विचारून आणावं."

आणि सुनेचे हातमोजे चढवून, चमचा घेऊन ती वाफ्यात गेली. सगळ्यात जोमदार रोपाची मुळं तिनं स्वतः काढून आणली.

रुहानानं ती उकळून शाईत ठेवली आणि दिवेलागणीच्या आत मेकला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. फिकट मुळाच्या आत निळे धागे इकडून तिकडे पसरले होते, जागोजागी त्यांना इवल्या झुडपांसारखे फाटे फुटले होते.

"हीच का ती?"

"हीच. भरपूर शिरलीय! वाफा वाचला, मेक. ही झाडाला जमिनीतून पाणी आणून देते, खत आणून देते. बदल्यात झाड तिला साखर देतं."

मेकनं बराच वेळ पाहिलं. मागे झुबीर विहिरीवरून बादल्या आणून पिंपात ओतत होता. मेकनं मान वर केली आणि सुनेला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुझ्यापेक्षा ही बरी गं. परक्या घरात शिरली खरी, पण पाणी स्वतः भरते. माझ्या पोराला नाही लावत."