टपालयान आणि मूळ अवस्थेतले वडील

एखादा समाज किती सुसंस्कृत आहे, हे तो जुन्या गोष्टी किती काळजीने जपतो यावरून ठरतं. या कसोटीवर आमच्या टपालयान स्नेही मंडळाइतका सुसंस्कृत समाज जवळपास दुसरा नाही. (जवळपास म्हणजे आमच्या रस्त्यावर. त्यापलीकडची पाहणी अजून झालेली नाही.)

'टपालयान' ही मालिका ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यावर मंडळाचा राग नाही, त्यांची फक्त कीव येते. आम्ही लहान होतो, टीव्ही गल्लीत एखाद्याकडेच असायचा, तेव्हा ही मालिका आठवड्यातून एकदा संध्याकाळी लागायची. एक यान ग्रहाग्रहांवर पत्रं पोचवत हिंडतं, एवढीच गोष्ट. यान ज्या दोऱ्याला टांगलेलं असे तो दोरा स्पष्ट दिसायचा. मंडळाच्या मते तो दोरा नसून ऊर्जारेषा आहे, आणि ज्यांना तो दोरा दिसतो त्यांना सभासदत्व देता येत नाही.

मी मंडळाचा चिटणीस. पोटापाण्यासाठी पाण्याच्या मीटरच्या कचेरीत असतो, पण ते काम फावल्या वेळात होतं. मंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत. सभा त्यांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या बाकांवर भरते. त्यामुळे आमच्या सभांना एक गांभीर्य आपोआप येतं. त्या बाकांवर बसून आजवर कुणी मोठ्याने हसलेलं नाही.

सभेत सभासद आपापल्या जवळच्या आठवणवस्तू आणून दाखवतात. यानाच्या कप्तानांच्या कोटाचं सर्वांत वरचं बटण तीन सभासदांकडे आहे. यावरून पूर्वी वाद झाले. शेवटी ठराव झाला की तिन्ही बटणं खरी मानावीत, मात्र तिघांनी ती एकाच दिवशी आणू नयेत. आमच्यातल्या विमा एजंटांकडे यानाच्या खेळण्याचं न उघडलेलं खोकं आहे. ते उघडलं की त्याची किंमत शून्य होते, म्हणून आत खेळणं आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. एकदा एका पाहुण्याने ते कानाशी धरून हलवलं. आतून आवाज आला नाही. तेव्हापासून खोकं हलवण्यास बंदी आहे.

मॉडेल बांधणारे सभासद वेगळे. ते बोटांना गोंद लावून येतात आणि हस्तांदोलन टाळतात. त्यांच्यात यानाच्या रंगावरून दोन पक्ष आहेत. मालिका कृष्णधवल होती, त्यामुळे यान प्रत्यक्षात हिरवं होतं असं भूगोलाच्या बाईंचं म्हणणं, तर जसं दिसलं तसं करडंच होतं असं झेरॉक्सवाल्यांचं. (धंद्यामुळे झेरॉक्सवाल्यांचं रंगाविषयीचं मत पहिल्यापासून पक्कं आहे.) दोन्ही पक्ष एकमेकांच्या घरची लग्नंकार्यं टाळतात. एरवी मंडळात खेळीमेळीचं वातावरण असतं.

अशा वातावरणात अध्यक्षांनी यानाचा नियंत्रणकक्ष पूर्ण आकारात बांधायचं ठरवलं, आणि मंडळाच्या इतिहासातलं सोनेरी पान सुरू झालं.

पूर्ण आकाराला पूर्ण खोली लागते. अध्यक्षांचं घर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. जागेची पाहणी करायला आम्ही चौघं वर गेलो. अध्यक्षांनी टेप लावून मागची खोली मोजली आणि म्हणाले, "ही बरोबर बसते."

त्यांच्या बायकोने दारातून विचारलं, "ती मोकळी कुठाय? तिच्यात बाबा आहेत."

आम्ही पाहिलं. खरोखरच खाटेवर अध्यक्षांचे वडील बसले होते. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आता निवृत्त. माणूस इतका अबोल की मोजणीत टेप त्यांच्या पायावरून गेला तरी कुणाला कळलं नाही.

"बाबांचं काय," अध्यक्ष म्हणाले, "त्यांना कुठेही चालतं."

"मला कुठेही चालतं," बाबांनी दुजोरा दिला. या निवेदनाची मी जागच्या जागी नोंद घेतली, कारण पुढे लोक काहीही म्हणतात.

बाबांची खाट मधल्या बोळात आली. तिथे पूर्वी चपलांची मांडणी आणि इस्त्रीचं टेबल होतं. मांडणी तशीच राहिली, टेबल दुसरीकडे हलवलं. (इस्त्रीच्या टेबलाला कुठेही चालत नाही.) मागच्या खोलीत काम सुरू झालं. पुठ्ठा, प्लायवूड, दिव्यांच्या माळा, मोडक्या रेडिओंची बटणं. कप्तानांचं आसन म्हणून अध्यक्षांची दवाखान्यातली जुनी खुर्ची आली. ती मागे कलते आणि तिला थुंकायचं भांडंही आहे. मालिकेत भांडं नव्हतं, पण ते काढलं तर खुर्ची एका बाजूला झुकते, म्हणून ते 'उल्कामापक' ठरलं. सरकतं दार पायाने दाबायच्या पॅडलवर चालू लागलं.

एकच अडचण निघाली. संडास कक्षाच्या पलीकडे होता.

"मग मी यानातून जायचं का?" बाबांनी विचारलं.

"जा की. फक्त पॅडल हळू दाबा, आणि डावीकडच्या पॅनेलला हात लावू नका. रंग ओला आहे."

"हिरवा की करडा?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न दोन्ही पक्षांना झोंबला. थेरड्याला चेष्टा सुचते, असं कुणीतरी पुटपुटलं; कोण ते मंडळाने एकोप्यासाठी शोधलं नाही.

पुढे जे झालं ते सांगणं भाग आहे. एका दुपारी बोळात वारा नव्हता म्हणून बाबा कक्षात गेले आणि कप्तानांच्या आसनात बसून चहा प्याले. चहाचा पेला त्यांनी मुख्य नियंत्रणफलकावर ठेवला. फलकावर गोल डाग उमटला. मंडळाच्या कारकिर्दीतला हा सर्वांत गंभीर प्रकार. (त्याआधीचा सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे खोकं हलवणं.)

चौकशी समिती खालच्या बाकांवर बसली. बाबांना बोलावलं. ते कठडा धरत, एकेक पायरी उतरून आले आणि पेशंट बसतो तिथे बसले. मी प्रश्न विचारले.

"आपण मालिका पाहिली आहे का?"

"नाही."

"एकही भाग नाही?"

"एकही नाही."

समितीत चुळबुळ झाली. भूगोलाच्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. "पण घरात टीव्ही होता," त्या म्हणाल्या. "अध्यक्ष तर म्हणतात ते प्रत्येक भाग आपल्याबरोबर बघायचे."

"हा बघायचा," बाबा म्हणाले. "माझ्या मांडीवर बसून. मला समोर ह्याचं डोकं यायचं. मी तेच बघायचो."

"म्हणजे यान दिसायचं नाही?"

"कडेने थोडं दिसायचं कधी कधी. हा घाबरला की माझा अंगठा धरायचा, तेव्हा कळायचं की आता काहीतरी चाललंय."

अध्यक्ष खाली मान घालून एक्स-रे बघत होते. तो कुणाचा होता हे सांगता येणार नाही; उलटा धरलेला होता.

समितीचा निष्कर्ष असा: साक्षीदारास मालिकेची कोणतीही माहिती नाही, सबब त्यांचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही. कक्षात चहा नेण्यास मनाई. डाग पुसला जात नसल्याने त्याला 'लघुग्रहाचा आघात' म्हणावं.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांची थोरली बहीण आली. ही बाई नर्सिंग होममध्ये मुख्य परिचारिका आहे आणि लोकांना उठवून बसवण्याची तिला सवय आहे. आम्ही कक्षात दिव्यांची माळ जोडत होतो. तिने बोळातली खाट पाहिली, चपला पाहिल्या, मग आत डोकावली.

"बाबांची बॅग कुठाय?"

"ताई, असं काय करतेस," अध्यक्ष म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोक कोण?" तिने आमच्यावरून नजर फिरवली. "ते तर सगळे इथेच बसलेत."

बॅग उल्कामापकाखाली सापडली. बाबा जाताना सगळ्यांना "येतो" म्हणाले. झेरॉक्सवाल्यांनी त्यांच्यासाठी पॅडल दाबलं, हे सौजन्य इथे नमूद करतो. बोळ रिकामा झाल्यामुळे टपालाच्या पोत्यांना जागा झाली. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. आमचं मात्र सगळं एकदम सुरळीत झालं.

आता फक्त पहिलं प्रदर्शन उरलं. झेरॉक्सवाल्यांनी त्या काळातला, शटरवाला टीव्ही पैदा केला. विमा एजंटांनी जुन्या भागांची प्रत मिळवली. दिवे मालवले. अध्यक्ष कप्तानांच्या आसनात बसले. यान निघालं. पाचेक मिनिटांत अध्यक्षांनी हात वर केला.

"काहीतरी कमी आहे."

इथून मंडळाने जो शास्त्रीय तपास केला त्याला तोड नाही. आधी आवाज कमीजास्त केला. मग टीव्ही वर घेतला, खाली घेतला. खिडकीला जुन्या पद्धतीचा पडदा लावला. भूगोलाच्या बाईंनी त्या काळचं फरशी पुसायचं औषध आणून शिंपडलं, त्याने दोघांना शिंका आल्या. अध्यक्ष प्रत्येक वेळी बसायचे, थोडं बघायचे आणि उठायचे. पेशंट खाली गाल धरून बसलेले असत. एकाने तर वाट बघून स्वतःच दात उपटला आणि पैसे वाचले म्हणून आभारही मानले.

शेवटी बाईंनीच कोडं सोडवलं. "उंची चुकतेय," त्या म्हणाल्या. "अध्यक्ष आसनावर बसून बघत नव्हते. मांडीवर बसून बघत होते."

ज्या साक्षीला समितीने अग्राह्य ठरवलं होतं तीच तांत्रिक पुरावा म्हणून कामी आली. आता मांडी बांधायची, म्हणजे प्रश्न फक्त मापाचा होता. अध्यक्ष टेप घेऊन बहिणीकडे निघाले; साक्षीदार म्हणून मी बरोबर.

बाबा तिच्या घरी खिडकीशी बसून संत्रं सोलत होते.

"बाबा, जरा मांडीचं माप हवंय."

"पँट शिवतोस?"

"नाही. मॉडेलसाठी."

"घे." ते सरळ बसले. अध्यक्ष जमिनीवर गुडघे टेकून टेप लावू लागले. बाबा म्हणाले, "डाव्या मांडीचं घे. उजवा गुडघा माझा तेव्हापासूनच दुखायचा. तू डावीवर बसायचास."

अध्यक्षांनी डावीचं माप घेतलं, मला सांगितलं, मी ते टिपून घेतलं. माप झाल्यावरही त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला नाही. टेपचं टोक कुठेतरी अडकलं असावं.

"बस की जरा," बाबा म्हणाले. "संत्रं खाऊन जा."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. घरी फोमला गोंद लावून ठेवलेला होता, तो वाळला असता. आम्ही निघालो. बाबांनी संत्र्याच्या फोडी कागदात बांधून दिल्या. त्या मी वाटेत खाल्ल्या, कारण अध्यक्षांना नको होत्या.

नुसती मांडी चांगली दिसत नाही, हे ती तयार झाल्यावर लक्षात आलं. मांडी आली की कंबर आली, कंबर आली की पाठ आली. असं करत करत मंडळाने अध्यक्षांचे संपूर्ण वडील बांधले. माप एकास एक. आत फोम, बाहेर कापड, हात दातांचे साचे काढायच्या प्लास्टरचे. दात तर हुबेहूब, कारण मूळ साचे दवाखान्यात होतेच. कपाटात राहिलेला बाबांचा एक शर्ट त्याला चढवला. चेहऱ्याच्या रंगावरून हिरवा आणि करडा पक्ष प्रथमच एकत्र आले. दोघांनाही मान्य होईल असा रंग ठरला, आणि त्यामुळे वडील थोडे आजारी दिसतात. बाकी मॉडेलचे फायदे उघड आहेत. ते चहा पीत नाही, बोळ अडवत नाही आणि चौकशीत भलतंच काही सांगत नाही.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून खुद्द बाबांना बोलावलं. औचित्याच्या बाबतीत मंडळाचा हात कुणी धरणार नाही. लेकीचा हात धरून ते आले, मॉडेलसमोर उभे राहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. सगळे अभिप्रायाची वाट बघत होते.

"शर्ट माझा आहे," ते म्हणाले. "परत केव्हा मिळेल?"

"प्रदर्शन संपलं की, बाबा."

"सावकाश. घाई नाही."

दिवे मालवले. अध्यक्ष मॉडेलच्या डाव्या मांडीवर बसले. फोम दबला, पण टिकला. यान निघालं, आणि या वेळी अध्यक्षांनी हात वर केला नाही. उंची अचूक होती. यान वादळात सापडतं तिथे त्यांनी चाचपून प्लास्टरचा अंगठा धरला आणि दोनदा मान मागे वळवून वर पाहिलं. मॉडेलची नजर टीव्हीवर स्थिर राहील अशी बसवलेली होती, तशी ती होती. बांधणीत कुठेही दोष निघाला नाही.

प्रमुख पाहुण्यांचं मात्र यानाकडे लक्षच नव्हतं. ते दारात उभे राहून अध्यक्षांच्या डोक्याकडे बघत होते. (डोक्यावर आता बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही.) भाग संपायच्या आत ते लेकीला "चल" म्हणाले आणि निघून गेले. कार्यक्रम अर्धवट सोडून जाणं शिष्टाचाराला धरून नव्हतं, पण वयाकडे पाहून मंडळाने ठपका ठेवला नाही. अध्यक्ष मात्र दिवे लागल्यावरही मांडीवरून उठले नाहीत. चौघांनी मिळून त्यांना उठवावं लागलं.

या यशाची बातमी पसरल्यापासून मंडळाकडे गावोगावाहून चौकश्या येतात. कुणाला आजी हवी असते, कुणाला आई, वडिलांना मागणी सर्वांत जास्त. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांची शंका एकच असते: मूळ माणूस हयात असेल तर चालतं का? चालतं. उलट काम सोपं होतं, साहित्यही कमी लागतं. फक्त माप घ्यायला एकदा स्वतः जावं लागतं. तिथे मात्र बहुतेकांचं काम आजवर अडलेलं आहे. कुणाला सुट्टी नसते, कुणाला गाडी मिळत नाही, कुणी पैसे मागितलेल्या दिवाळखोरासारखं नुसतंच "बघतो" म्हणतं. इतकं वाचत आल्यावर आपल्याही मनात कुणाचं तरी माप आलं असेल. आपण या आठवड्यात जाणार नाही, असं धरून मंडळाने आपलं नाव प्रतीक्षायादीत टाकलेलं आहे. आमचा अंदाज चुकला तर नाव काढून टाकू. अजून एकही काढावं लागलेलं नाही.