पाण्यात राहिलेला बिल्ला

कासव गटात सहा माणसं नसतील तर गट बंद, असा पोहण्याच्या क्लबाचा नियम होता, आणि सहावे तपासनीसकाका दीड महिन्यापूर्वी वारले होते. तलावात नव्हे, घरी, झोपेत. उरलेल्या पाच म्हाताऱ्यांनी क्लबाला हे कळवलं नाही.

पाचही जणांचे गुडघे जमिनीवर संपावर गेले होते. दिवसातून एक तास, पाण्यात, ते दुखायचे थांबत. त्या तासासाठी त्यांच्यातल्या शिंपीकाकांनी खोटेपणाचं पाप पदरात घेतलं. तलावात उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला ‘बाहेर’च्या खुंटीवरून ‘पाण्यात’च्या खुंटीवर लावायचा, निघताना परत. शिंपीकाका रोज दोन बिल्ले हलवत, आपला आणि तपासनीसकाकांचा. दुसऱ्याला हात लावताना मनातल्या मनात माफी मागत.

शिकवणारी ताई महिन्याभरापूर्वीच आलेली. टोपी-चष्मा चढवला की तिला सगळे म्हातारे सारखेच दिसत. बेडूक गटातली चिमुरडी दर तीन महिन्यांनी वर सरकत, मासा गटातली मोठी मुलं सेकंदाचे तुकडे पाडत, चाळिशीतले सचिव दर वर्षी थोडे हळू पोहत आणि घड्याळाला दोष देत. कासव गट मात्र आठ महिने काठ धरून होता. काठ सोडून अर्धा तलाव पार केला की बेडूक गटात बढती मिळे. ती कुणाला मिळाली नव्हती.

त्या सकाळी गप्पांच्या नादात शिंपीकाकांनी निघताना एकच बिल्ला हलवला.

ताईची शिट्टी किंचाळली. “तपासनीसकाका कुठायत? बिल्ला पाण्यातच आहे!”

“घरी गेले असतील,” शिंपीकाका पुटपुटले.

“तुम्ही पाहिलंत जाताना?”

शिंपीकाकांनी पाहिलं होतं. खांदाही दिला होता. “हो... म्हणजे, शांतपणे गेले.”

“बिल्ला न हलवता? एक दिवस खाडा नाही त्यांचा!” म्हणत ताईने उडी मारली.

मासा गट रांग करून तळ चाचपू लागला. बेडकांनी काठावरून “तिथे काळं काळं दिसतंय!” असा गलका केला, ती त्यांचीच सावली होती. सचिव तीन बुड्यांतच इतके दमले, की आधी त्यांनाच बाहेर काढावं लागलं. पहारेकरी तपासनीसकाकूंना आणायला धावला.

नवव्या बुडीनंतर ताई वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. “माझ्या हातून माणूस गेला,” असं म्हणून ती पुन्हा खाली जाऊ लागली.

शिंपीकाका ओरडले, पण त्या गोंधळात ऐकतो कोण? शेवटी ते पँट-शर्टासकट पाण्यात पडले आणि हातपाय झाडत, नाकातोंडात पाणी घेत तलावाच्या मधोमध तिच्यापर्यंत पोहोचले. “नको गं बाळ! तो तिथे नाहीये. दीड महिन्यापूर्वीच वारला.”

तेवढ्यात काकू आल्या. पहारेकऱ्याने त्यांना “काका बुडाले” एवढंच सांगितलं होतं.

“आता आणखी कुठे बुडणार?” त्या म्हणाल्या. सचिवांनी बिल्ल्यांवरून भरलेला हजेरीपट पुढे केला. काकूंनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि पदराने डोळे टिपले. “रोज वेळेवर! जिवंतपणी जेवायलासुद्धा कधी इतके वेळेवर आले नाहीत.”

“ही फसवणूक आहे,” सचिव म्हणाले. “तुम्ही पाचच उरलात. उद्यापासून गट बंद.”

“एक जागा रिकामी आहे ना?” काकू म्हणाल्या. “मग मला घ्या.”

“पोहता येतं?”

“ह्यांना येत होतं?”

सचिवांनी काकूंचं नाव लिहून घेतलं. सहा झाले. म्हातारे सुटकेचा श्वास सोडणार, तोच प्रामाणिक ताईने केस पुसता पुसता तोंड उघडलं. “पण सर, शिंपीकाका काठ सोडून अर्धा तलाव आले. त्यांना बेडूक गटात बढती. म्हणजे पुन्हा पाचच.”

हे वाक्य ऐकायला शिंपीकाका आठ महिने झुरले होते. त्यांनी चार मित्रांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

“मी पोहत नव्हतो,” ते म्हणाले. “बुडत होतो.”

“काका, सरळ आलात की!”

“सरळ बुडत होतो.”

“बुडतच होता,” एकजण म्हणाला.

“फार वाईट बुडत होता हो, बघवेना,” दुसऱ्याने हातभार लावला.

ताईने शिंपीकाकांकडे पाहिलं, आणि मग सचिवांकडे. “बुडत होते, सर.”

सचिवांनी लिहिलं, ‘प्रगती नाही.’ शिंपीकाकांनी ते दोनदा वाचलं आणि ओल्या हाताने खाली सही केली.