अर्धा बैल

आमच्या शाळेचं दार पाव बैलाचं होतं. फळा अर्ध्या बैलाचा, घंटेची दोरी छटाकभर बैलाची, आणि हेडमास्तर रागावले की एकदम तीन बैलांचे. ही मापं लखमानं ठरवली होती, आणि त्यात फेरफार करायला सांगितलं तर तो कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता.

लखमा आमच्या जव्हारच्या शाळेतला शिपाई. मूळचा पोशेऱ्याचा. काटकुळा, पिकल्या मिशांचा, चालताना पुटपुटणारा. पाणी भरायचं, झाडलोट करायची, घंटा द्यायची, एवढं त्याचं काम. मी नवा मास्तर, पुण्याला शिकून संस्थानच्या नोकरीत आलेला. डोक्यात पुस्तकं आणि पायांत नवे जोडे!

घोळ झाला तो माझ्याच तोंडून. एके दिवशी मी वर्गाला सांगत होतो, "बल लावल्याशिवाय थांबलेली वस्तू हलत नाही. बल डोळ्यांना दिसत नाही, त्याचा परिणाम दिसतो." लखमा हंडा घेऊन दारात उभा होता. त्यानं 'बल'च्या जागी 'बैल' ऐकलं. हंडा खाली ठेवून तास संपेपर्यंत तो हलला नाही. मी बाहेर आल्यावर म्हणाला, "मास्तर, पुस्तकात बैल हाय? आमाला वाटला, पुस्तकात निस्ता देव आन् राजा."

मी दोन दिवस पोट धरधरून हसलो. तिसऱ्या दिवशी हसू आटलं.

वर्गातलं सागवानी कपाट दुसऱ्या खोलीत न्यायचं होतं. आम्ही चौघं घामाघूम झालो, कपाट जागचं हलेना. लखमा बाजूला उभा राहून मान हलवत होता.

"तुमी पुढं वढतास. पन जमिनीचा बैल मागं वढतो. पयला त्याला सोडवा."

त्यानं पहारीनं कपाट जरासं उचललं, खाली बांबूचे गोल तुकडे सारले आणि एकट्यानं ढकलत दाराबाहेर नेलं. घर्षणाच्या धड्याला मी तीन तास राखून ठेवले होते. लखमानं तो धडा तीन मिनिटांत संपवला, आणि वर बांबूचे तुकडे गोळा करून जागेवर ठेवले.

मग मला त्याची परीक्षा घ्यायची खोडच लागली. एकदा पायरीवर नुसता उभा असताना विचारलं, "लखमा, आत्ता तुला कुठला बैल ओढतोय?"

"दोन हायत. एक खाली वढतो. दुसरा हा पायरीचा दगड, तो वर रेटतो. दोघं सारखे, म्हनून मी उभा." टाचेनं दगड ठोकून म्हणाला, "एक सुटला तं मी ऱ्हायन का?"

खरं सांगतो, हे मी मॅट्रिकला पाठ केलं होतं, पण कधी पायाखाली जाणवलं नव्हतं. त्या दिवशी मी पायरीवर जपून पाय ठेवला.

पण शाळा तपासायला साहेब येणार असं कळलं आणि हेडमास्तरांनी मला बोलावलं. "त्या गड्याचा बैल सोमवारच्या आत गोठ्यात बांधा. साहेबांसमोर शोभा नको!" म्हणणं रास्त होतं. चूक माझ्या तासाला झाली होती, ती निस्तरायची मीच.

रविवारी सकाळी मी त्याच्या कुडाच्या घरी गेलो. आतून जात्याची घरघर येत होती. लखमा एकटाच नाचणी दळत बसला होता. त्याची बायको वर्षापूर्वी गेली, एवढंच मला ठाऊक होतं. जात्यापलीकडे, त्याच्यासमोर, एक गोणपाट नीट अंथरलेलं होतं.

"कुणी यायचंय का?" मी विचारलं.

"ती बसायची तठं. एकाच खुंट्याला दोघांचा हात. मना अर्धा बैल, तिला अर्धा. आता मना पुरा लागतो." त्यानं जातं थांबवलं. "पन कवा कवा जाता हलका फिरतो, मास्तर. समोर कोन नाय, तरी हलका."

तो माझ्याकडे रोखून बघत होता. पुस्तकातली गोष्ट माझ्या तोंडून वदवून घ्यायची असावी तसा.

"तो बैल दिसत नाय, पन वढतो, असाच हाय ना पुस्तकात? पक्का?"

'बैल नव्हे रे, बल' हे शब्द ओठांवर आले होते. त्यासाठीच तर मी आलो होतो. दोन मात्रांचा फरक. तेवढा दुरुस्त केला असता तर साहेबांसमोर शाळेची अब्रू राहिली असती, आणि या माणसाचं जातं जन्मभर जड झालं असतं. मला ते जमलं नाही, आणि जमलं नाही याचा आजही आनंद वाटतो.

"पक्का," मी म्हणालो.

लखमानं मान डोलावली आणि खुंट्याला हात घातला. मी जोडे दाराबाहेर काढले. गोणपाटाकडे बोट करून विचारलं, "बसू?"

त्यानं लगबगीनं हातानंच गोणपाट झटकलं. मी बसलो आणि त्याच्या हाताच्या वर खुंटा धरला. पहिले दोन-तीन फेरे आम्ही एकमेकांच्या उलटच ओढत होतो. मग हात जुळले, आणि जातं सुरळीत फिरायला लागलं.

लखमानं डोळे मिटले.

"अर्धा," तो म्हणाला.