टेकडीची राखण

एका जंगलात, मुलांनो, वाळूच्या दगडाची एक टेकडी होती. जंगल तुमच्या ओळखीचं नाही, तेव्हा उगाच एकमेकांकडे बघून हसू नका.

त्या दगडात काही तापट कण दडले होते. त्यांना ना रंग, ना वास. पण स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आतून सारखं काहीतरी बाहेर फेकत राहायचे. सिंहमहाराजांचा मेहुणा तिथल्या गुहेत उन्हाळा काढायला गेला आणि आयाळ गमावून परतला. तेव्हा कुठे दरबाराला ती टेकडी दिसली.

"दगड जागचा हलता कामा नये!" महाराजांनी फर्मावलं.

प्रधान घुबडानं राखणीला घोरपड नेमली. तिची पकड साऱ्या जंगलाला ठाऊक. ती टेकडीला चिकटली ती चिकटलीच. नोकरी पक्की झाली म्हणून वर चढण्याआधीच तिनं पायथ्याच्या काळ्या, मऊ चिखलात अंडीही घातली होती.

एके दिवशी टेकडीतून पाझरणारा झरा तिला म्हणाला, "ताई, तुमचे ते तापट कण रोज माझ्याबरोबर येतात हं."

घोरपड दचकली. "दगड नेतोस?"

"छे! दगड कसला उचलतोय मी? वरून येताना मी हवा पिऊन आलेला असतो. ते कण माझ्यात विरघळतात. मग दगडातल्या बारीक भोकांतून आम्ही मिळून खाली उतरतो."

"पण दगड जागेवर आहे ना?"

"आहे की."

"मग जा. मला दगडाचा हुकूम आहे, पाण्याचा नाही."

झरा निघाला. घोरपडीला काय वाटलं कोण जाणे, तिनं हाक मारली. "अरे, त्यांना सोडतोस कुठे?"

"पायथ्याशी कुजक्या पाल्याचा काळा चिखल आहे ना, तिथं. त्यात हवाच नाही. माझा जीव गुदमरतो, कण हातचे सुटतात आणि तिथंच बसतात. केव्हापासून साठतायत."

घोरपडीची अंडी त्याच चिखलात होती. प्रधानजी पाहणीला येताच ती गयावया करू लागली. "साहेब, जरा सोडा मला. अंडी हलवून येते. कण खाली उतरलेत हो!"

घुबडानं डोळे मिटले. दिवसाउजेडी ते त्याला सोपं जायचं.

"बाई, कण उतरले म्हणजे राखण चुकली. राखण चुकली म्हणजे नोकरी गेली. आता नीट आठवून सांगा. उतरलेत का?"

घोरपडीनं खाली चिखलाकडे पाहिलं. मग पायाखालच्या दगडाकडे पाहिलं.

"नाही उतरले," ती म्हणाली.

अंडी फुटायचे दिवस आले आणि गेले. एकही फुटलं नाही. खाली जाऊन तो चिखल उकरावा असं तिला फार वाटलं. पण नेमके महाराज हार घेऊन आले. दगड तसूभरही हलला नव्हता.

"अशी पकड पाहिजे!" महाराज म्हणाले. "प्रधानजी, हिच्या पोरांनाही इथंच चिकटवून टाका."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घोरपडीनं हारासाठी मान पुढे केली. तिला मोठ्यानं रडायचं होतं. पण तसा हुकूम नव्हता.

तात्पर्य, मुलांनो, एवढंच की राखण करावी ती मुळातच न हलणाऱ्या वस्तूची. हार हमखास मिळतो. आणि झऱ्याशी बोलू नये. तो खरं सांगतो, मग नोकरीत लक्ष लागत नाही.